पुनरुज्जीवन आणि कायदा

हृदयाची क्रिया अकस्मात बंद पडली, म्हणजे काही मिनिटांतच मेंदूस कायमची इजा होऊ लागते. अशा वेळी प्रशिक्षित प्रथमोपचारकापुढे एक शंका उभी राहते. रुग्ण बेशुद्ध आहे. त्याच्या संमतीवाचून उपचार केला आणि तो दगावला, तर दोष कोणाचा?

भारतीय न्याय संहिता, २०२३ हिचे कलम ३० याचे उत्तर देते. संमती देण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीच्या हितासाठी सद्भावपूर्वक केलेली कृती, संमती वेळेत मिळणे अशक्य असल्यास, केवळ अपाय झाला म्हणून अपराध ठरत नाही. मोटार अपघातात स्वेच्छेने मदत करणाऱ्यास २०१९ साली मोटार वाहन अधिनियमात घातलेल्या कलम १३४-अ ने दिवाणी दायित्वापासूनही संरक्षण दिले आहे.

परंतु कायद्यातील सद्भाव म्हणजे केवळ चांगला हेतू नव्हे. योग्य दक्षतेवाचून केलेली कृती सद्भावपूर्वक मानली जात नाही. म्हणून श्वासनलिकेत नळी घालण्यासारखी न शिकलेली क्रिया करू नये. छातीवर मिनिटास १०० ते १२० दाब द्यावेत. स्वयंचलित यंत्राने विजेचा झटका देताना रुग्णास कोणीही स्पर्श करू नये. प्राणवायूचा मुखवटा निदान एक मीटर दूर न्यावा, कारण प्राणवायूत ठिणगी भडकते. झटक्यानंतर दाब तत्काळ पुन्हा सुरू करावेत. केलेले उपचार व त्यांच्या वेळा लिहून डॉक्टरांकडे द्याव्यात.

अशी दक्षता रुग्णाचे रक्षण करते आणि उपचारकाचेही.