शेवटचें स्थानक

मधल्या स्थानकांत गाडी थांबली नाहीं तर उतारूंची गैरसोय होते. शेवटच्या स्थानकांत थांबली नाहीं तर पुढें भिंत असते. भुयारी रेल्वेच्या बाबतींत हा भेद विशेष महत्त्वाचा, कारण तेथें रुळांच्या टोकापलीकडे मोकळी जागा नसते. या भेदाचें मोल लंडन शहरास मूरगेट येथें कळलें.

मूरगेटला येणारा हा लोहमार्ग १९०४ सालीं सुरू झाला. मुख्य रेल्वेच्या मोठ्या गाड्या शहराच्या पोटांत आणाव्या, या हेतूनें त्याचीं भुयारें १६ फूट व्यासाचीं खोदलीं होतीं. पुढें हा फांटा लंडनच्या भुयारी रेल्वेकडे आला. २८ फेब्रुवारी १९७५ रोजीं सकाळीं पावणेनऊच्या सुमारास सहा डब्यांची एक गाडी नवव्या फलाटाशीं आली. परंतु तिचा वेग कमी झाला नाहीं. फलाट संपल्यावर सुमारें ६६ फुटांचें आंधळें भुयार होतें. त्यांत चाकें रुतावीं म्हणून वाळू घातलेली होती व तिच्यापुढें बफर होता. हीं दोन्हीं ओलांडून गाडी भिंतीवर आदळली. चालकासह ४३ माणसें मृत्यु पावलीं.

वाळू आणि बफर असतांहि असें कां व्हावें? चालत्या वस्तूचा वेग दुप्पट झाला म्हणजे तिच्या अंगची गतिशक्ति चौपट होते. तिप्पट झाला म्हणजे नऊपट. हा अडसर सावकाश येऊन किंचित् पुढें घसरणाऱ्या गाडीसाठीं होता. भर वेगांतील गाडीपुढें त्याचा टिकाव लागणें शक्य नव्हतें. चौकशींत गाडीच्या यंत्रसामग्रींत दोष आढळला नाहीं. चालकानें ब्रेक कां लावला नाहीं, हें गूढ अखेरपर्यंत उकललें नाहीं.

कारण कळलें नाहीं, तरी उपाय करितां आला. लंडनच्या भुयारी मार्गावर रुळांच्या कडेस एक दांडा असतो. तो उभा असतांना गाडी पुढें गेली, तर गाडीखालच्या खटक्यास तो लागतो व ब्रेक आपोआप बसतात. लाल सिग्नल ओलांडणाऱ्या गाडीस अडविण्यासाठीं ही योजना पूर्वींपासून होती. अपघातानंतर शेवटच्या स्थानकांच्या प्रवेशमार्गावर दांड्याचें उघडणें वेळेशीं जोडण्यांत आलें. ठराविक अंतर कापण्यास गाडीनें पुरेसा वेळ घेतला तरच तो खालीं पडतो. गाडी घाईनें आली तर उभाच राहतो. चालक बेशुद्ध आहे कीं अन्यमनस्क, याचा विचार दांड्यास करावा लागत नाहीं.

असा धोका एका लंडनलाच आहे असें नाहीं. २८ जून २०१५ रोजीं मुंबईच्या चर्चगेट स्थानकांत एक लोकल गाडी बफर ओलांडून थेट फलाटावर चढली होती. जेथें जेथें रूळ संपतात, तेथें तेथें हा प्रश्न उभा आहे.

१९७६ सालीं मूरगेटच्या फांट्यावर मुख्य रेल्वेच्या गाड्या सुरू झाल्या. मूळ हेतु असा बहात्तर वर्षांनीं सफल झाला. २०१३ सालीं जवळच्या फिन्सबरी चौकांत मृतांचीं नांवें कोरलेली शिला बसविण्यांत आली. शेवटच्या स्थानकांत गाडी रेंगाळत शिरते म्हणून उतावीळ उतारू कुरकुरतो. त्या रेंगाळण्यांतच त्याचें रक्षण आहे.