ऋषिपंचमीचे पान आणि मोहाची फुले

भाद्रपद शुद्ध पंचमीस परगावच्या पाहुण्याच्या पानात ऋषीची भाजी वाढली म्हणजे त्याची मुद्रा पाहण्यासारखी होते. आदल्या दिवशी गणरायाचे मोदक झालेले असतात, आणि आज पुढ्यात येतो तो अळू, माठ, भोपळा, पडवळ व कणसाचे तुकडे एकत्र शिजवलेला, ना तेल ना फोडणी असा गिळगिळीत गरगट. ब्राह्मणपुरीस आमच्याच ओसरीवर एका गृहस्थांनी विचारले होते, "बुवा, घरात कोणी आजारी आहे काय?"

बैलाच्या श्रमाचे अन्न या दिवशी खावयाचे नाही, परसात हाताने लावलेले वा आपोआप उगवलेले तेवढे घ्यावयाचे, हा या व्रताचा नियम. न नांगरता पिकते त्यास संस्कृतात 'अकृष्टपच्य' म्हणतात. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थास नांगरलेल्या भूमीतील अन्न वर्ज्य सांगितले आहे. ऋषींचे धान्य नीवार, म्हणजे आपला देवभात. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंतास आश्रम जवळ आल्याची खूण पटते, ती पोपटांच्या ढोलीतून झाडाखाली सांडलेल्या नीवाराच्या दाण्यांवरून. मध्यंतरी एका सूनबाईंनी शंका काढली, "शेत ट्रॅक्टरने नांगरले, बैल जुंपलाच नाही, मग तिथली भाजी चालेल ना?" प्रश्न चतुर खरा, परंतु 'कृष्ट' म्हणजे नांगरलेले, नांगर कोण ओढतो हे त्या शब्दात नाही.

हे सारे कीर्तनात रंगवून सांगणारे आम्ही, तरुणपणी एकदा तोरणमाळच्या वाटेवर एका भिल्ल कुटुंबाकडे उतरलो होतो. त्या घरच्या म्हातारीने वाळवलेली मोहाची फुले उकडून, तीळ घालून कुटून आमच्यापुढे पानावर ठेवली. काळपट, चिकट आणि वास उग्र. आम्ही म्हणालो, "आज आमचा उपवास." तिने सहज विचारले, "कसला, महाराज?" पंचांग तोंडपाठ असलेल्या आम्हांस त्या क्षणी एकही तिथी सुचली नाही. ती काही बोलली नाही. तांब्याभर पाणी मात्र आणून ठेवले.

मोह म्हटले की आपल्याला दारूच आठवते. परंतु फाल्गुन-चैत्रात पहाटे गळणारी ही फुले सातपुड्यातील बायाबापड्या टोपलीत वेचतात, उन्हात वाळवतात, आणि पावसाळ्यात कणगीतील धान्य सरले की त्यांवरच घर चालते. यापरते अकृष्ट अन्न ते कोणते? या वृक्षाचे संस्कृत नाव मधूक. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात विवाहसमयी पार्वतीच्या केसांत दूर्वांसह गुंफलेली माळ आहे ती मधूकपुष्पांची, आणि रघुवंशात इंदुमतीच्या हाती स्वयंवराची माळही त्याच फुलांची. तिकडे छत्तीसगडात हलषष्ठीस व्रतस्थ स्त्रिया नांगर न लागलेला पसहर तांदूळ खातात आणि पूजेत मोहाची फुले ठेवतात. हे सर्व आम्ही पुष्कळ उशिरा जुळवून पाहिले. कालिदास तेव्हाही आम्हांस पाठच होता.

गेली काही वर्षे आमच्या घरी ऋषिपंचमीस भाजीशेजारी मोहाची फुले असतात. पहिल्या वर्षी आमच्या सौभाग्यवतींनी नाकाला पदर लावला होता. यंदा आठवडेबाजारातून फुले त्यांनीच आणून ठेवली आहेत. उकडताना किंचित गूळ घालावा की घालू नये, यावर घरात अद्याप एकमत नाही. त्या म्हातारीने घातला होता की नाही, ते आम्हांस सांगता येत नाही. आम्ही चाखलेच नव्हते.