जेवण उरकल्यावर जळणारे पैसे

"ब्रिकेट महाग पडतात." पावसाळा सरला, पवना धरणाच्या काठी तंबू पडू लागले, फार्महाउसवरच्या पार्ट्या ठरू लागल्या, की हे वाक्य हटकून ऐकू येतं. किलोचा भाव लाकडी कोळशापेक्षा जास्त दिसतो आणि विषय तिथेच मिटतो. पण पिशवीवरचा भाव हा खर्चाचा एक भाग झाला. कोंबडी भाजून होते, मंडळी पानावर बसतात आणि निम्माशिम्मा कोळसा पुढचे दीड-दोन तास कुणाच्याही उपयोगी न पडता धगधगत राहतो. खरी गळती ती आहे.

ब्रिकेट म्हणजे कोळशाचा चुरा खळीत मळून, साच्यात दाबून वाळवलेली वडी. ही युक्ती हेन्री फोर्डची, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. ते खरं नाही. एल्सवर्थ झ्वॉयर या अमेरिकन माणसाने १८९७ मध्येच ब्रिकेटचं पेटंट घेतलं होतं. फोर्डने १९२० च्या दशकात त्यात व्यापारी डोकं घातलं. मोटारींचे लाकडी भाग कापून उरणारे तुकडे आणि भुसा वाया जात होता. मिशिगनमध्ये कारखाना घालून त्याने त्याचा कोळसा केला, वड्या पाडल्या आणि मोटारींच्याच दुकानांतून विकल्या. या कामातला त्याचा नातेवाईक एडवर्ड किंग्जफर्ड. पुढे कारखान्याच्या गावाला आणि ब्रँडलाही त्याचंच नाव मिळालं.

टाकाऊतून ब्रिकेट करण्याचं काम आपल्याकडेही झालं आहे, आणि माझ्या मते ते जास्त मोलाचं. पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे आणि सहकाऱ्यांनी उसाच्या पाचटाचा कोळसा करून दाखवला. तोड झाल्यावर शेतातच पेटवून दिलं जाणारं पाचट बंद भट्टीत भाजायचं आणि त्या चुऱ्याच्या कांड्या पाडायच्या. या कामाला २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. याच संस्थेच्या 'सराई' कुकरमध्ये सुमारे १०० ग्रॅम कांड्यांवर एका कुटुंबाचा वरण-भात-भाजीचा स्वयंपाक होतो. कारण विस्तव बंदिस्त आहे. धग भांड्यांभोवतीच फिरते. उघड्या जाळीवर चार जणांच्या कबाबांना किलोभर कोळसा सहज लागतो, तो निम्मा आकाश तापवायला.

स्वस्त मिळाल्या म्हणून भलत्याच ब्रिकेट आणण्याचा घोळही होतो. 'पांढरा कोळसा' म्हणून विकल्या जाणाऱ्या जाडजूड कांड्या बॉयलरसाठी असतात. भुसा, बगॅस, शेंगांची टरफलं नुसती दाबलेली. कोळसा झालेलाच नसतो. पेटवल्या की लाकडासारखा धूर, आणि पनीरला त्या धुराचा कडवट वास. भाजण्यासाठीची ब्रिकेट काळी असते, मोडल्यावर आतूनही काळीच.

आता भाव. चांगल्या लाकडी कोळशाची राख वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी निघते. ब्रिकेटमध्ये खळ असते, कधी चुनखडी, कधी सरळ माती. राख जास्त पडते आणि तेवढी आच कमी मिळते. एकदा किलोभर ब्रिकेट पूर्ण जळू द्या आणि थंड राख तागडीत घाला. पाव किलो भरली, तर तुम्ही पाव किलो राख कोळशाच्या भावाने विकत घेतलीत. ब्रिकेट घेण्याचं रास्त कारण वेगळं आहे: आकार सारखा, त्यामुळे आच मोजून देता येते. अमेरिकेत जाड बिडाच्या भांड्यात उघड्यावर रांधणारे लोक भांड्याचा व्यास जितके इंच, त्याच्या दुप्पट ब्रिकेट लावतात. बारा इंची भांड्याला चोवीस. उष्णता साधारण १६०-१७५ अंश सेल्सिअस. लाकडी कोळशाच्या वेड्यावाकड्या तुकड्यांचा असा हिशेब बसत नाही.

वरून पांढरी झाली की ब्रिकेट संपली, असं समजून वर नवी ओंजळ टाकणारे प्रत्येक टोळक्यात असतात. उलट तो राखेचा पातळ थर म्हणजे आच जमल्याची खूण. मांस ठेवायचं ते तेव्हाच. घाई करून ओतलेली ओंजळ जेवण झाल्यावर जोर धरते.

उरलेला कोळसा पुन्हा वापरता येत नाही, हा समज मात्र सगळ्यात महागात पडतो. तो येतो पाण्यामुळे. कोळशाची इस्त्री वापरणारे रात्री निखाऱ्यांवर पाणी मारून कोळसे वाळवत आणि दुसऱ्या दिवशी तेच पेटवत. लाकडी कोळशाला हे चालतं. ब्रिकेटवर पाणी पडलं की खळ सुटते आणि हाती काळा चिखल येतो. शिवाय तापलेल्या पत्र्यावरून उसळणारी वाफ हात भाजते. ब्रिकेट विझवायची ती हवा तोडून. झाकणाची शेगडी असेल तर वरची-खालची सगळी भोकं बंद करा. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्या उघड्या. त्यासाठी घट्ट झाकणाचा कोरा पत्र्याचा डबा विटांवर ठेवा आणि चिमट्याने निखारे आत टाका. समजा शंभर रुपये किलोचा दीड किलो कोळसा पेटवला आणि सहाशे ग्रॅम वाचला, तर साठ रुपये डब्यात राहिले. पुढच्या वेळी राख झटका, चाळणीतून पडणारा चुरा टाकून द्या (तो हवेची भोकं बुजवतो) आणि उरलेल्या ब्रिकेट नव्यांत मिसळा. त्या लवकर पेटतात, पण फार वेळ टिकत नाहीत. भरताचं वांगं किंवा दोन-चार कणसं भाजायला एकट्याही पुरतात.

हा डबा थंड होईपर्यंत बाहेरच ठेवायचा. "धूर नाही, म्हणजे काही होत नाही" हा समज जिवावर बेततो. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो; त्याला ना रंग ना वास, आणि हवा जितकी कमी तितका तो जास्त. थंडी वाजते म्हणून विझत आलेली शेगडी तंबूत किंवा खोलीत घेऊन झोपलेली माणसं याच वायूने दगावतात. खिडकी किलकिली ठेवली की भागतं, यावरही विसंबू नका.

राखही लगेच केराच्या प्लॅस्टिक डब्यात जाऊ नये. वरून गार लागली तरी आत विस्तव दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकू शकतो. निव्वळ लाकडी कोळशाची राख बागेत चिमूटभर चालते. ती अल्कधर्मी असल्याने जास्त नको. ब्रिकेटमध्ये दगडी कोळसा किंवा रसायनं असतील, तर ती राख भाजीच्या वाफ्यात अजिबात नको. आणि पावसाळ्यात सर्दावलेली पिशवी फेकू नका. कोळसा शिळा होत नाही. वड्या शाबूत असतील, तर दोन कडक उन्हं दाखवली की पूर्ववत पेटतात. भुगा झाला असेल तेवढा मात्र गेला.