संगणक काम कसं करतो? पनवेलमधली तीन उदाहरणं 💻

मंडळी, संगणकाची माहिती हाताळायची पद्धत एकच नसते. आपल्या पनवेलमध्येच बघा.

🔹 हातोहात: रेल्वे स्टेशनच्या तिकीट खिडकीवर आणि मोबाइलवर एकाच वेळी एकाच गाडीची शेवटची सीट मागितली गेली, तर संगणक त्या सीटची नोंद क्षणभर अडवून ठेवतो. एकाचं तिकीट निघतं, दुसऱ्याला वेटिंग. एक सीट दोघांना जात नाही.

🔹 एकगठ्ठा: त्याच गाडीचा चार्ट. रद्द झालेली तिकिटं, वेटिंग, शिल्लक कोटे हे सगळं ठरलेल्या वेळी एकदम हिशेबात घेतलं जातं. म्हणून तर चार्ट लागेपर्यंत जीव टांगणीला!

🔹 समांतर: २०२० मध्ये सुरू झालेलं पनवेलचं योट्टा एनएम१ डेटा सेंटर. तिथे एआयच्या कामासाठी एनव्हिडियाच्या एच१०० जीपीयू चिप आहेत. एकेका चिपमधली हजारो छोटी गणनकेंद्रं एकाच वेळी आकडेमोड करतात. एआय म्हणजे मुळात अफाट गुणाकार-बेरजा, त्यामुळे ही पद्धत तिथे चपखल बसते.

श्रेष्ठ कोणती? काम बघून ठरतं. सीटला अचूक क्रम हवा, चार्टला पूर्ण माहिती, एआयला प्रचंड वेग.

तुमच्या कामात यातली कोणती पद्धत वापरली जाते? नक्की सांगा!