आठवड्याला एक पेनी, बारा माणसं

निमित्त कर्जाचं होतं. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्लींनी १७३९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात ‘न्यू रूम’ हे सभागृह बांधायला घेतलं आणि त्याचं देणं डोक्यावर राहिलं. १५ फेब्रुवारी १७४२ला त्यासाठी बैठक भरली. प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी, असं कॅप्टन फॉय नावाच्या सभासदानं सुचवलं. गोरगरिबांना तेवढंही झेपणार नाही, असा आक्षेप आला. त्यावर फॉय म्हणाले, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन. ज्याला जमेल तो देईल, जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. तुम्हीही आपापल्या शेजारचे अकरा जण वाटून घ्या.

असे बारा जणांचे ‘क्लास’ तयार झाले.

वर्गणीसाठी दारोदार जाणारे हे क्लास लीडर पैशांबरोबर घरातल्या खबरीही आणू लागले. कुणी दारू पिऊन पडलेला आढळला, कुणाचं बायकोशी वाजलं होतं. वेस्लींनी त्यातलं मर्म लगेच ओळखलं. मैदानावरच्या सभेत हजारो लोक उपदेश ऐकत, रडत, पश्चात्ताप करत. पण सभा पांगल्यावर त्यातल्या एकेकाचं काय होतं, याची विचारपूस करणारं कुणी नव्हतं. आता तो माणूस मिळाला होता.

घरोघरी फिरण्यात फार वेळ जाई. शिवाय मोलकरणी आणि नोकर मालकाच्या घरी राहत. तिथं भेट मिळेलच असं नव्हतं. म्हणून पुढं क्लास आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागला. १७४३ मध्ये छापलेल्या नियमांत लीडरचं काम स्पष्ट नोंदवलं आहे: प्रत्येकाला आठवड्यातून एकदा भेटायचं, त्याच्या आत्म्याची खुशाली विचारायची, गरजेप्रमाणे कानउघाडणी करायची किंवा धीर द्यायचा, गरिबांसाठीची वर्गणी घ्यायची, आणि आजारी कोण, वाट सोडलेला कोण हे उपदेशकाला कळवायचं. दर तीन महिन्यांनी सभासदत्वाचं नवं तिकीट मिळे. ते न मिळणं म्हणजे बाहेरचा रस्ता.

ही शिस्त तोंडदेखली नव्हती. १७४३च्या मार्चमध्ये न्यूकॅसलला वेस्लींनी ६४ जणांना काढलं आणि रोजनिशीत कारणं मांडून ठेवली. १७ जण दारूपायी गेले, तिघं भांडणापायी, तिघं सवयीनं खोटं बोलण्यापायी, एक बायकोला मारण्यापायी. सर्वाधिक २९ जण मात्र निव्वळ बेफिकिरीमुळे. आजच्या वाचकाला ही ढवळाढवळ वाटेल, आणि ती होतीच. पण बायकोला मारणं ही घरातली खासगी बाब नाही, असं १७४३ साली कामगारांच्या मंडळीत ठरत होतं, याचं मोल मोठं आहे.

लीडर घडले ते इथं. आधी पदवी मग जबाबदारी, असा क्रम नव्हता. अकरा माणसं आधी पदरात पडत. त्यांना काय सांगायचं, या काळजीपोटी वाचन सुरू होई. पूर्णवेळ फिरत्या उपदेशकांवर तर रोज पाच तास वाचनाची सक्ती होती. वाचनाची गोडी नाही म्हणणाऱ्याला वेस्लींचं सांगणं होतं, गोडी लावून घ्या, नाहीतर आपल्या जुन्या धंद्याला लागा. नुसतं सांगून ते थांबले नाहीत, निवडक धार्मिक ग्रंथांची ५० खंडांची मालाही त्यांनी काढली.

बायकांना या व्यवस्थेनं जे दार उघडलं, ते इतर बहुतेक चर्चमध्ये बंद होतं. सॅरा क्रॉस्बी १७६१च्या फेब्रुवारीत डर्बीला क्लास घ्यायला गेल्या. तीसेक लोक येतील असा अंदाज होता, आले सुमारे २००. एवढ्यांची एकेकाला विचारपूस कशी करणार? त्यांनी गीत म्हटलं, प्रार्थना केली आणि उभ्या राहून सर्वांशी बोलल्या. बाईमाणसानं मर्यादा तर ओलांडली नाही ना, असं त्यांनी पत्रानं वेस्लींना विचारलं. नाही ओलांडली, असं उत्तर आलं.

या शिदोरीवर माणसं लांब गेली. धातुकाम शिकलेला तरुण फ्रान्सिस ॲस्बरी १७७१ मध्ये अमेरिकेला गेला आणि तिथल्या मेथडिस्टांचा बिशप झाला. टोलपडल गावचे शेतमजूर जॉर्ज लव्हलेस हे स्थानिक उपदेशक होते. मजुरी वाढावी म्हणून संघटना बांधल्याबद्दल १८३४ मध्ये त्यांना पाच साथीदारांसह ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलं. मताधिकारासाठी लढणाऱ्या चार्टिस्ट कामगारांनी तर क्लास आणि आठवड्याची पेनी, दोन्ही जसंच्या तसं उचललं.

त्याच १८३४ मध्ये लंडनला उपदेशकांसाठी धर्मशास्त्राची संस्था निघाली. तिची गरज होतीच. पण चर्चच्या इमारती वाढल्या, पगारी पाळक वाढले आणि एकोणिसाव्या शतकात क्लास हळूहळू मागं पडला.

मुंबईत मात्र त्याच धर्तीवर नवी मंडळी उभी राहिली. १८७१च्या नोव्हेंबरात अमेरिकी मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर इथं आले. ते सभा घेत आणि बदललेल्या माणसांचे छोटे गट घराघरांत बसवत. या गटांतूनच पुढच्या वर्षी मेथडिस्ट मंडळी स्थापन झाली. बाहेरून पैसा आणायचा नाही, मंडळीनं आपला खर्च आपण उचलायचा, हा टेलर यांचा आग्रह. १८४८ पासून मुंबईत असलेले, मिशनचा पगार नाकारून बाजारवस्तीत राहणारे जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. टेलर पुढच्या शहरांकडे निघाले, तेव्हा इथली जबाबदारी बोवेन यांनी उचलली आणि १८८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते मुंबई सोडून गेले नाहीत.