योजना चालते का?

भुसावळहून जळगाव रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासाचं. सकाळच्या गाडीत काही प्रवासी पाहताक्षणी ओळखू येतात. हातात डबा नसतो, कापडाच्या दुकानाची एखादी प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात एक्स-रेचं मोठं पाकीट, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि सगळ्यात वर शिधापत्रिकेची झेरॉक्स. ही माणसं दवाखान्याच्या दारात डॉक्टरचं नाव विचारत नाहीत, डिग्री तर नाहीच. पहिला प्रश्न ठरलेला: "योजना चालते का?" आतून येणाऱ्या उत्तराचं क्रियापदही ठरलेलं आहे. आजार योजनेत 'बसतो', किंवा 'बसत नाही'.

आरोग्यविम्यावर आपल्याकडे झालेली सगळी भांडणं शेवटी या 'बसण्या'ची आहेत, असं मला वाटतं. वर्तमानपत्रांत मथळा होतो तो लाखांचा: दीड लाखाचं कवच, पाच लाखांचं कवच. पण कवच किती मोठं, यापेक्षा त्यात कोण बसतं, कुठलं दुखणं बसतं आणि दवाखान्याचं बिल ठरलेल्या दरात बसतं का, यावरच माणसाचं घर तरतं किंवा बुडतं. हे पाहायला भुसावळसारखं गाव नाही.

२०११च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या थोडं वर लोकसंख्या असलेलं हे शहर मध्य रेल्वेच्या पाच विभागांपैकी एकाचं मुख्यालय आहे. इथल्या एखाद्या जुन्या गल्लीतली चार घरं डोळ्यांसमोर आणा. पहिल्यात निवृत्त लोको पायलट. त्याच्याकडे रेल्वेचं 'उमीद' कार्ड आहे. नोकरीत असताना रेल्वेच्या दवाखान्यात सगळं मोफत होतं. निवृत्त होताना त्याने एकदाच ठरावीक रक्कम भरली आणि नवरा-बायकोची आयुष्यभराची सोय झाली. महिन्याची बीपीची, साखरेची गोळी खिडकीवर मिळते. मोठं काही निघालं तर 'रेफर' करतात, बिल रेल्वे भरते. रेल्वेच्या दवाखान्यापासून अडीच किलोमीटरपेक्षा लांब राहणाऱ्या आणि बाह्यरुग्ण सेवा नको म्हणणाऱ्या पेन्शनरला औषधपाण्यासाठी महिना १,००० रुपये भत्ता मिळतो. अडीच किलोमीटरची ही अट भुसावळच्या पेन्शनरांना तोंडपाठ असते.

दुसऱ्या घरातला मुलगा त्याच स्टेशनवर ठेकेदाराकडे सफाईला आहे. त्याच्या पगारातून राज्य कामगार विम्याचे ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो, निदान कागदावर तरी. पगार २१,००० च्या वर गेला की या योजनेचं दार बंद. तिसऱ्या घरातली बाई तापीपलीकडे रावेर-यावलच्या बागांत केळीच्या कामाला जाते. तिचा आधार केशरी शिधापत्रिका. चौथं घर जामनेर रोडवरच्या दुकानदाराचं. तो दरवर्षी मेडिक्लेमचा हप्ता भरतो आणि दरवर्षी एजंटशी वाद घालतो.

चौघांच्या छातीत एकाच रात्री कळ आली तर चार वेगवेगळी दारं ठोठावावी लागतील. आजार एक, दारं चार. आणि कुणाला कुठलं दार, हे ठरतं नोकरी कुठे लागली त्यावर. "पोरगा रेल्वेत लागला" हे वाक्य खानदेशात ज्या समाधानाने उच्चारलं जातं, त्यात पगाराइतकाच वाटा त्या दवाखान्याचा असतो.

यातल्या तिसऱ्या घरातली बाई सरकारच्या हिशेबात कधी आली, ते जरा सविस्तर बघण्यासारखं आहे. १९९७ मध्ये युती सरकारने दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी 'जीवनदायी' योजना आणली. ती विमा नव्हती, हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा मोजक्या मोठ्या आजारांसाठी सरकारी मदत होती. पुढे २००७ मध्ये आंध्र प्रदेशात राजशेखर रेड्डींनी 'आरोग्यश्री' सुरू केली. सरकारने हप्ता भरायचा, खासगी रुग्णालयांनी उपचार करायचे, रुग्णाने पैसे मोजायचे नाहीत. मतपेटीने तिला दाद दिली. महाराष्ट्राने तोच साचा उचलला आणि २ जुलै २०१२ला 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पिवळ्या आणि केशरी कार्डाच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला अडीच लाख. पहिल्या वेळी सरकारने विमा कंपनीला दर कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये दिले. दिवसाला रुपयाही पुरता नाही.

त्या आठ जिल्ह्यांत धुळे होतं, जळगाव नव्हतं. १९०६ मध्ये इंग्रजांनी खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, त्या रेषेला शंभर वर्षांनंतर असा अर्थ आला. पारोळ्याच्या माणसाला धुळं जवळ, दवाखाना धुळ्याचाच, पण कार्डावर जिल्हा जळगाव. सोळा महिने धुळेकराची शस्त्रक्रिया योजनेत बसत होती, पारोळेकराची नाही. २१ नोव्हेंबर २०१३ला नागपुरात सोनिया गांधींच्या हस्ते योजना राज्यभर झाली, तेव्हा ही रेषा पुसली गेली.

पुढे दुसरी उमटली. २०१७ मध्ये फडणवीस सरकारने योजनेचं नाव 'महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना' केलं. नावावरून जे राजकारण व्हायचं ते झालं. (फुल्यांचं नाव या कामाला शोभतं हे मात्र खरं. १८९७च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई आणि डॉक्टर झालेला यशवंत यांनी पुण्याजवळ रुग्णांसाठी दवाखाना चालवला आणि सावित्रीबाई त्याच साथीत गेल्या.) योजनेत आता शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही जागा होती. त्यात बुलढाणा आहे, जळगाव नाही. भुसावळहून नागपूरच्या दिशेने निघालं की बोदवडनंतर मलकापूर येतं, तिथून बुलढाणा जिल्हा. मलकापूरच्या पांढऱ्या कार्डाचा कापूस उत्पादक योजनेत, बोदवडचा बाहेर. कापूस तोच, बोंडअळी तीच आणि व्यापारीही बहुधा तोच.

आता पांढऱ्या कार्डाविषयी. पिवळं, केशरी, पांढरं ही तिरंगी व्यवस्था १९९९ची. वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या वर गेलं की कार्ड पांढरं. १९९९ मध्ये लाखाला जी किंमत होती ती आज नाही, पण रेषा तिथेच राहिली. आज महिना नऊ हजार मिळवणारा माणूस कागदावर पांढऱ्या कार्डाचा, म्हणजे 'सधन'. अर्थात व्यवहारात कार्डं उत्पन्नावर कमी आणि तहसीलच्या फेऱ्यांवर जास्त ठरतात. चारचाकी असलेला केशरीत आणि रिक्षावाला पांढऱ्यात, हे चित्र प्रत्येक तालुक्याने पाहिलेलं आहे. केंद्राने २३ सप्टेंबर २०१८ला 'आयुष्मान भारत' आणली, तिची यादी २०११च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून केली होती. म्हणजे गणती झाली त्या वर्षी गरीब होता तो आत, त्यानंतर गरीब झाला तो बाहेर. याद्यांची अवस्था काय, हे २०२३ मध्ये नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखवलं: देशभरातले सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाईल नंबरला जोडलेले होते आणि त्या नंबरात दहाही आकडे ९ होते.

करोनाने हा खेळ काही काळ मोडला. मे २०२० मध्ये राज्य सरकारने पांढऱ्या कार्डासकट सगळ्यांना योजनेत घेतलं आणि त्याच आठवड्यात खासगी रुग्णालयांना दर बांधून दिले: साध्या विलगीकरणाला दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागाला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. खासगी दवाखान्याचा दर सरकार ठरवू शकतं, हे महाराष्ट्राने पहिल्यांदा पाहिलं. साथ ओसरली तसे ते दरही गेले.

२८ जुलै २०२३च्या शासन निर्णयाने मात्र रंगाचा प्रश्न कायमचा निकालात काढला. राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला पाच लाख, उपचार १,३५६; अंमल १ जुलै २०२४ पासून. लगेच सवाल आला, बंगलेवाल्याच्या उपचाराचा खर्च करदात्याने का करायचा? वरवर पाहता सवाल रास्त आहे. पण रंग शोधायला जो खर्च, जो भ्रष्टाचार आणि जे अपमान होतात, त्यांच्यापेक्षा सगळ्यांना आत घेणं मला स्वस्त वाटतं. शिवाय बंगलेवाला सर्वसाधारण वॉर्डात सहा खाटांमध्ये झोपायला येणार नाही. आला तर वॉर्डाचे पंखे तरी दुरुस्त होतील.

खरं घोडं पेंड खातं ते दरात. योजनेत प्रत्येक उपचाराचं 'पॅकेज' असतं: शस्त्रक्रिया, खाट, औषधं, जेवण, परतीचं भाडं, सगळं त्यात. २०१८ मध्ये आयुष्मानचे दर जाहीर झाले तेव्हा सिझेरियनला ९,००० आणि गुडघ्याच्या सांध्याला ८०,००० पाहून इंडियन मेडिकल असोसिएशनने उघड विरोध केला. इतक्या पैशांत दर्जा राखता येत नाही, शिवाय पैसे वेळेवर येत नाहीत, ही डॉक्टरांची तक्रार. तालुक्याच्या गावात कर्ज काढून वीस खाटांचं रुग्णालय उभं केलेल्या डॉक्टरच्या तोंडून ती ऐकली की पटतेही. पण पॅकेज परवडत नाही तेव्हा कुणीतरी फरक भरतो आणि बहुतेक वेळा तो भरणारा रुग्ण असतो. "हे इंजेक्शन योजनेत नाही", "हा स्टेंट वरचा आहे", अशा सुरात मागणी होते, पावती मिळतेच असं नाही. रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या 'आरोग्यमित्रा'च्या टेबलाशी बसलेल्या तिघांपैकी दर माहीत नसलेला एकटा रुग्णच असतो.

डॉ. अनंत फडके, डॉ. अभय शुक्ला आणि जन आरोग्य अभियानातली मंडळी वर्षानुवर्षं याच मुद्द्याला धरून आहेत. विम्याच्या वाटेने सार्वजनिक पैसा खासगी रुग्णालयांकडे जातो आणि सरकारी दवाखाना तसाच कुपोषित राहतो, असं त्यांचं म्हणणं. खासगी क्षेत्रावर नियंत्रण नसताना योजना चालवणं म्हणजे फुटक्या हौदात नळ सोडणं. केंद्राचा २०१०चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपण आपले शुश्रूषागृह नोंदणीचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले, त्यात दरपत्रक लावणं आणि रुग्णहक्कांची सनद लावणं बंधनकारक झालं. तुमच्या गावातल्या दवाखान्यात ते दरपत्रक कुठल्या भिंतीवर आहे, ते एकदा पाहून या.

चौथ्या घरातल्या दुकानदाराचं भांडण वेगळं. मेडिक्लेम देशात १९८६ पासून आहे. वय वाढलं की हप्ता चढतो, आणि त्यावर २०२५ पर्यंत १८ टक्के जीएसटी लागायचा. ३०,००० च्या हप्त्यावर ५,४०० रुपये कर, म्हणजे आजारी पडण्याच्या भीतीवरही कर. जुलै २०२४ मध्ये नितीन गडकरींनी नागपूरच्या विमा कर्मचारी संघटनेचं निवेदन पुढे करत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहिलं आणि हा कर काढायची मागणी केली. मंत्र्याने मंत्र्याला लिहिलेलं पत्र फुटलं, विरोधकांनी संसदेच्या आवारात निदर्शनं केली. जीएसटी परिषदेत वर्षभर चर्चा रेंगाळली. शेवटी २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा कर शून्य झाला. पण कर शून्य झाल्यावर कंपन्यांना आधी भरलेल्या कराची वजावट मिळेना. तो भार एजंटच्या कमिशनमधून काढायचा की हप्त्यातून, यावरून नवी कुरबुर सुरू झाली. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने साठी ओलांडलेल्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी विचारा, असं कंपन्यांना बजावलं. तसं बजावावं लागलं, यातच काय ते आलं.

विम्याचं गणित जगात कुठेही एकच: धडधाकट माणसाने आजाऱ्यासाठी भरायचं. तरुण दुकानदार भरत नाही आणि म्हातारा सोडत नाही, म्हणून हप्ता चढतो. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्येच कामगारांना सक्तीने एकत्र आणलं. अमेरिकेत ओबामांनी २०१०च्या कायद्याने विमा न घेणाऱ्याला दंड लावला, तर देश दुभंगला आणि २०१९ पासून तो दंड शून्यावर आला. भुसावळच्या रेल्वेवाल्याला हा वाद कुणी समजावून सांगितलेला नाही. त्याने विमा घेतलाच नाही, त्याच्या मालकाने दवाखाना बांधला. बावीस वर्षांचा ट्रॅकमन आणि ऐंशी वर्षांचा पेन्शनर एकाच खिडकीवर उभे असतात, आणि तिथे कुणाचा कुणावर उपकार नसतो.

त्या खिडकीत आणि योजनेच्या टेबलात एक फरक आहे, तो लाखांच्या चर्चेत हरवतो. राज्याची योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल झालेल्यासाठी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने उपचारांची यादी २,३९९ पर्यंत नेली, हृदय-फुप्फुस प्रत्यारोपणासारख्या महागड्या उपचारांना पाच लाखांपलीकडेही पैसे द्यायचं ठरवलं. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ पासून, केंद्राने सत्तरी पार केलेल्या प्रत्येकाला उत्पन्न न विचारता पाच लाखांचं कवच दिलं होतं. चांगलंच आहे. देशात आरोग्यावर होणाऱ्या खर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आल्याचं सरकारी हिशेब सांगतात. तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या साधारण पाचांतल्या एकाच घराने आपल्याकडे आरोग्यविमा असल्याचं सांगितलं. राज्यातली बहुसंख्य कुटुंबं तेव्हाही योजनेत होती. त्यांना ते माहीत नव्हतं, किंवा रोजच्या दुखण्यात ज्याचा उपयोग नाही त्याला विमा म्हणावं असं त्यांना वाटलं नाही.

केळीच्या कामावरची ती बाई संध्याकाळी सहाला भुसावळात परतते. लोको पायलटला मिळते तीच बीपीची गोळी तिलाही लिहून दिलेली आहे, पण गोळ्या योजनेत बसत नाहीत, झटका आला तर तो बसतो. मेडिकलवाला तिला ओळखतो. न विचारता पाकिटाला कात्री लावतो आणि चार गोळ्या कापून देतो. उरलेल्या पुढच्या हप्त्याची मजुरी मिळाली की.