गॅलरीतली फुले ताटात

फुले खाण्याची कल्पना मोठ्या हॉटेलांतील सॅलडमधून शहरात आली, असे अनेकांना वाटते. मराठी स्वयंपाकघराला मात्र ती नवी नाही. हादग्याच्या फुलांची भजी, शेवग्याच्या फुलांची भाजी, केळफूल, भोपळ्याची फुले आणि बरणीतला गुलकंद हे सारे परसदारातूनच घरात येत असे. परसदार गेले आणि त्या जागी गॅलरी किंवा खिडकीची जाळी आली. तरीही चार-सहा कुंड्यांत थोडी फुले, थोडा मसाला आणि आठवड्यातून एखादी पालेभाजी सहज निघते. बाजारात मिळणारी फुले पूजेसाठी आणि सजावटीसाठी पिकवलेली असतात. त्यांच्यावर फवारलेली औषधे पोटात जाणार नाहीत, असे गृहीत धरलेले असते. म्हणूनच खाण्याचे फूल घरचे असावे.

आधी ऊन, मग कुंडी

कुंड्या आणण्यापूर्वी गॅलरीत ऊन किती तास येते, हे पाहावे. टोमॅटो, मिरची, वांगी आणि भोपळा यांना किमान सहा तास थेट ऊन लागते. मेथी, पालक, लाल माठ आणि कोथिंबीर यांचे तीन-चार तासांत भागते. त्याहून कमी उन्हात पुदिना, पानओवा आणि मायाळू तग धरतात.

पालेभाजीला सहा ते आठ इंच खोलीचे पसरट भांडे पुरते. टोमॅटो-मिरचीला फूटभर खोल कुंडी लागते. माती, चांगले कुजलेले कंपोस्ट आणि नारळाच्या काथ्याचा भुसा समप्रमाणात मिसळला, की मिश्रण हलके राहते आणि पाण्याचा निचराही होतो. तळाला भोक हवेच. जुने रंगाचे डबे मात्र खाण्याच्या वनस्पतींसाठी वापरू नयेत.

सुरुवात डब्यातल्या दाण्यांपासून

पहिले बियाणे विकत आणण्याची गरज नाही. मिसळणाच्या डब्यातील मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरल्यास तीन-चार दिवसांत उगवतात आणि महिन्याभरात भाजी कापता येते. धणे हलके रगडून त्यांची दोन दले वेगळी करावीत, मग पेरावेत. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. अखंड धणा उगवण्यास अधिक वेळ घेतो आणि अनेकांचा धीर तिथेच सुटतो. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते. ती फुलेही खाण्याजोगी असतात.

पुदिन्याच्या जुडीतील जाड काड्या पाण्यात ठेवल्या, की आठवड्याभरात मुळे धरतात. पुदिना शेजाऱ्याची जागा बळकावतो, म्हणून त्याला स्वतंत्र कुंडी द्यावी. गवती चहाचा एक ठोंब वर्षानुवर्षे पुरतो. मायाळूचा वेल मुंबईच्या दमट हवेत फांदीपासूनही वाढतो आणि त्याच्या पानांची भजी होतात.

कोणते फूल खावे?

सर्वांत सोपा आहे गोकर्ण. जाळीवर चढणाऱ्या या वेलाची निळी फुले गरम पाण्यात घातली, की पाणी निळे होते आणि लिंबू पिळताच जांभळे. फुलातील रंगद्रव्य आम्लाच्या संपर्कात रंग बदलते. गोकर्णाच्या बिया मात्र रेचक असतात, त्या खाऊ नयेत.

गावठी गुलाबाच्या पाकळ्या आणि खडीसाखर यांचे थर बरणीत घालून काही आठवडे उन्हात ठेवले, की गुलकंद तयार होतो. जास्वंदीच्या पाकळ्या देठ आणि पुंकेसर काढून वापराव्यात. झेंडूच्या पाकळ्यांना कडसर चव असते, त्या चिमूटभरच पुरतात. भोपळ्याची वेल मोठ्या कुंडीत लावल्यास लांब, बारीक देठाची नर फुले भज्यांसाठी काढावीत. ज्या फुलाखाली इवलासा भोपळा दिसतो ते मादी फूल. ते वेलीवरच ठेवावे आणि परागीभवनासाठी काही नर फुलेही राखावीत. हिवाळ्यात नॅस्टर्शियम लावता येते. त्याची पाने आणि फुले दोन्ही तिखटसर लागतात.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपावर आधी फवारणी झालेली असू शकते. त्याचा पहिला बहर खुडून टाकावा आणि पुढचाच खाण्यात घ्यावा. नवे फूल प्रथमच खाताना एखादी पाकळीच चाखावी. परागांची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि दम्याच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारणे बरे.

कोणते खाऊ नये?

फूल सुंदर आहे, देवाला चालते किंवा आयुर्वेदात त्याचे नाव आहे, एवढ्याने ते खाण्याजोगे ठरत नाही. कण्हेर आणि पिवळी कण्हेर यांचे सर्व भाग हृदयावर घातक परिणाम करतात. धोतरा आणि कळलावी विषारी आहेत. घराघरांत फुलणाऱ्या सदाफुलीतून कर्करोगावरील प्रभावी औषधे मिळतात. नेमक्या याच कारणाने तिची पाने-फुले मधुमेहासाठी म्हणून परस्पर चघळणे धोक्याचे आहे. लहान मुले असलेल्या घरात खाण्याच्या आणि न खाण्याच्या कुंड्या वेगळ्या ठेवाव्यात, हे उत्तम.

मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारावे. उमललेल्या फुलांवर फवारा मारू नये.

भार, डास आणि शेजारी

एक घनफूट ओल्या मातीचे वजन ४५ ते ५० किलोपर्यंत भरू शकते. म्हणून जड कुंड्या गॅलरीच्या टोकाला न ठेवता भिंतीलगत ठेवाव्यात, कठड्यावर तर मुळीच नको. गच्चीवर बाग करायची तर सोसायटीची परवानगी आणि स्लॅबची तपासणी आधी हवी. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. ताटली आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासून पुसावी.

खताचा प्रश्न घरातच सुटतो. थोड्या जागेत, घरच्या कचऱ्यातून माती घडवून अन्न पिकवता येते, हा विचार श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून महाराष्ट्रात रुजवला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ मध्ये प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर बाग फुलवायला सुरुवात केली. भाज्यांची साले आणि वापरलेली चहापूड वाळक्या पानांसोबत छिद्रे असलेल्या बादलीत थराथराने घातल्यास दोन-तीन महिन्यांत कंपोस्ट मिळते.

गॅलरीतल्या सहा कुंड्यांनी घराचा भाजीचा खर्च फारसा उतरणार नाही. मात्र आमटीवर पडणारी कोथिंबीर कोणत्या पाण्यावर वाढली आणि तिच्यावर काय फवारले गेले, याचे उत्तर त्या घराला निश्चित ठाऊक असेल. शहरात आज ते सहजासहजी विकत मिळत नाही.